महाविद्यालय की मैदानावरचे आणखी एक वर्ष?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भवानीनगर येथे केलेले भाषण. चिटणीसांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले.)



प्रतिवर्षी ह्या समारंभात दहावी-बारावीच्या परीक्षांत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार होतो आणि त्यानंतर कोणीतरी वयोवृद्ध गृहस्थ उठून त्यांना उपदेश करतात. यंदा ती पाळी आमच्यावर आली आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि जन्मभर मुलांना शिकवीत राहिलो. तेव्हा महाविद्यालयाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच होय. परंतु आज आम्हांस बोलावयाचे आहे ते पुढच्या रांगेत बसलेल्या गुणवंत मुलांशी नव्हे. त्यांच्या मागे बसलेल्या आईबापांशी, आणि विशेषेकरून आजी-आजोबांशी.

बारावीचा निकाल लागल्यानंतर चारच दिवसांनी आमचा भाचा आमच्या घरी आला. बरोबर त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, आणि मुलगी. ही मुलगी चार वर्षांपूर्वी हॉकीसाठी निवडली जाऊन पुण्यास निवासी प्रशिक्षणाला गेली, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत आम्हीही होतो. मागील वर्षी राज्याच्या ज्युनियर संघात ती राखीव खेळाडू म्हणून गेली. साऱ्या स्पर्धेत मिळून दहा-बारा मिनिटे तिला मैदानावर उतरावयास मिळाली. आता बारावी झाली, निवासाची मुदत संपली. तिच्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, आणखी एक वर्ष तिने पुण्यातच राहून सराव करावा, पहिल्या अकरांत येण्याची तिची पात्रता आहे. भाच्याचे म्हणणे असे की, बारामतीच्या महाविद्यालयात बी.कॉम.ला नाव घालावे, घरून एस.टी.ने जाऊन-येऊन करावे. खेळावयाचेच असेल तर महाविद्यालयातही खेळता येते. बहिणीने काही म्हटले नाही. पण ती काही म्हणत नाही तेव्हाच तिचे म्हणणे सर्वांत पक्के असते, हे आम्ही लहानपणापासून जाणतो.

"मामा, तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच तिला समजावून सांगा," असे भाचा म्हणाला. आपण लक्षात घ्यावे, त्याने आमचा सल्ला विचारला नाही. त्याला समजूत घालणारा हवा होता.

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत जे जे मनात आले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हॉकीविषयी थोडे सांगितले पाहिजे. कबड्डी, खोखो, कुस्ती हे आपल्या भागातील खेळ. त्यांस चार हात जागा व थोडी माती पुरते. मनुष्य शेतावरून आला, अंग झाडले आणि आखाड्यात उतरला, असे चालून जाते. हॉकीचे तसे राहिले नाही. १९७६ साली मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि ज्या भारताने त्यापूर्वी सात सुवर्णपदके मिळविली होती तो त्या वर्षी सातवा आला. त्या हिरवळीवर चेंडूचा वेग निराळा, उसळी निराळी, वाकण्याची व वळण्याची रीत निराळी. मातीवर शिकलेली चलाखी तेथे अर्धीही उपयोगी पडत नाही. अशी मैदाने बालेवाडीस आहेत, पिंपरीच्या नेहरूनगरात आहेत, गावोगाव नाहीत. म्हणून "महाविद्यालयातही खेळता येते" हे भाच्याचे बोलणे कबड्डीपुरते खरे, हॉकीपुरते नव्हे. बारामतीच्या एस.टी.त बसलेली मुलगी हॉकी सोडूनच बसलेली असेल, एवढे तरी आपण स्वच्छपणे बोलावे. निर्णय करावयाचा तो करावा. मात्र दोन्ही गोष्टी मिळतील अशी खोटी आशा दाखवून मुलीला घरी आणू नये.

आता आमच्याच आयुष्यातील एक गोष्ट. ती सांगावयास आम्हांस संकोच वाटतो, पण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आम्ही पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकवीत असू. तथापि खेळांचे कामही आमच्याकडेच असे. शाळेचे नाव घेत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता, आमचा होता. दहावीतला एक मुलगा कबड्डीत उत्तम चढाई करी. अंगाने किरकोळ, पण पायात विलक्षण चपळाई. त्याला निवडचाचणीस बोलावणारे पत्र शाळेच्या पत्त्यावर आले. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मुलगा गणितात कच्चा, घरची स्थिती बेताची. आम्ही ते पत्र टेबलाच्या खणात ठेवून दिले. फाडले नाही, लपविलेही नाही, केवळ परीक्षा होईपर्यंत दिले नाही, अशी आम्ही आमच्या मनाची समजूत घातली. परीक्षा संपली तेव्हा चाचणीही संपली होती. मुलगा बऱ्यापैकी गुणांनी उत्तीर्ण झाला. त्याचे वडील आमच्या घरी गुळाची ढेप घेऊन आले, आणि ती आम्ही ठेवून घेतली.

पुढे तो महाविद्यालयात गेला. दुसऱ्या वर्षी सोडून आला. आज तो गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरने ऊस वाहतो. धंदा प्रामाणिक आहे, संसार नेटका आहे. त्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. काही वर्षांपूर्वी तुकोबारायांची पालखी सणसरला मुक्कामी असताना तो भेटला. वय झाले म्हणजे मनुष्याला ओझी उतरून ठेवावीशी वाटतात. आम्ही त्याला पत्राची हकीकत सांगितली. तो रागावेल असे आम्हांस वाटले होते. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "गुरुजी, मला वाटत होतं, मी तेवढा चांगला नव्हतो म्हणून बोलावणं आलं नाही."

वीस वर्षे तो हे धरून बसला होता. निवड झाली असती की नाही, कोण जाणे. बहुधा नसती झाली. पण ते त्याला मैदानावर कळावयास हवे होते. आमच्या टेबलाच्या खणाने ते ठरवावयास नको होते.

याच्या उलट उदाहरणही आमच्यापाशी आहे, आणि ते दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या परिचयातील एक मल्ल महाविद्यालय सोडून तीन वर्षे तालमीत राहिला. पहिल्या वर्षी घरच्यांनी एक वर्ष दिले. दुसरे कोणी दिले नाही, तिसरेही कोणी दिले नाही, ती आपोआप गेली. चौथ्या वर्षी गुडघा निखळला. हाती ना पदवी, ना गदा. त्याचे वडील आजही आमच्याकडे पाहून म्हणतात की, मास्तर, तुम्ही त्या वेळी बोलला का नाहीत? आम्ही एकाच्या बाबतीत नको तेथे हात घातला आणि दुसऱ्याच्या बाबतीत हवा तेथे घातला नाही.

आपल्यापैकी कित्येकांस वाटत असेल की हॉकी आणि इंदापूर-बारामतीच्या मुली यांचा संबंध काय? संबंध नीरा नदीइतका जवळचा आहे. नदी ओलांडली की फलटण तालुका लागतो. त्या तालुक्यातील आसू गावची, शेतकऱ्याची मुलगी वैष्णवी विठ्ठल फाळके २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होती. त्याच तालुक्यातील अक्षता आबासो ढेकळे आणि ही वैष्णवी ह्या दोघीही २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत झालेल्या ज्युनियर विश्वचषकात भारताकडून खेळल्या. आपला संघ तेथे चौथा आला. ज्या वयात आपल्या मुली बारावीचा निकाल पाहत असतात जवळपास त्याच वयातील ही गोष्ट. त्या मुलींच्या घरी ऊस, पाळीपाळीने येणारे पाणी आणि शेतकी सोसायटीचे हप्ते आपल्याहून निराळे नसावेत. ज्युनियर खेळाचे जागतिक वय एकवीस वर्षांच्या आतले. महाविद्यालयात बाविसाव्या वर्षीही जाता येते, तिसाव्या वर्षीही जाता येते. एकविसावे वर्ष उलटल्यावर ज्युनियर संघात मात्र कोणालाही जाता येत नाही. एवढा एकच फरक आम्हांस निर्णायक वाटला.

परंतु पुढे काय, हा बापाचा प्रश्न उरतोच, आणि तो क्षुद्र नाही.

कै. खाशाबा जाधव यांचे नाव आपल्या मुलांस पाठ असते, पण ते ऑलिंपिकच्या वेळी कोठे शिकत होते हे फारसे कोणी सांगत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. १९४८ साली लंडनला गेला. जन्मभर तांबड्या मातीत कुस्ती केलेली, तेथे गादीवर उतरावे लागले; तरी आपल्या वजनगटात सहावा आला. म्हणजे मातीचे मैदान आणि परक्यांचे मैदान हा पेच आजचा नव्हे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे नव्हते, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही कथा सांगून लोक टाळ्या घेतात आणि थांबतात. आम्ही पुढचेही सांगतो. पोलीसखात्यात उपनिरीक्षकाची जागा मिळण्यास १९५५ साल उजाडले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. ऑलिंपिकचे पदक आणणाऱ्याची ही गोष्ट. मग राज्याच्या संघात राखीव बसणाऱ्या मुलीच्या बापाने धास्ती घेतली तर त्याला भित्रा कसे म्हणावे?

मुंबईच्या वीरेन रासकिन्हा यांचे उदाहरण आम्हांस अधिक उपयोगी वाटते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ते भारताकडून खेळले. २००८ साली, सत्ताविशीत, खेळाची उमेद शिल्लक असताना त्यांनी हॉकी सोडली आणि हैदराबादच्या व्यवस्थापन संस्थेत शिकावयास गेले. आज ऑलिंपिकसाठी खेळाडूंना साहाय्य करणाऱ्या संस्थेचे ते प्रमुख म्हणून ओळखले जातात. लोक म्हणतील, पहा, खेळ आधी आणि शिक्षण नंतर! पण अशा संस्थेत प्रवेश पदवीधरालाच मिळतो. म्हणजे हॉकी खेळता खेळता त्यांनी पदवीचा धागा तोडलेला नव्हता. आणि कोणी धनराज पिल्ले यांचा दाखला देईल, तर खडकीच्या मैदानातून उठून चार ऑलिंपिक खेळणारा मनुष्य एका पिढीत एखादा निघतो. त्याच्या मापाने आपल्या मुलीचा झगा बेतू नये.

हा पेच केवळ आपलाच आहे असेही नव्हे. कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात. तेथील मोठ्या ज्युनियर संघांतून सोळा ते वीस वर्षांची मुले खेळतात. त्यांतील एखाद्याने तेथे खेळावयास आरंभ केला की अमेरिकेतील महाविद्यालयांच्या संघाचे दार त्याला कायमचे बंद होई, कारण त्या मुलांस व्यावसायिक समजले जाई. वर्षानुवर्षे घरोघर ह्यावरून वाद होत. अखेरीस नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकन क्रीडासंघटनेने तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ते दार उघडले. हे आम्हांस आमच्या नातवाने वाचून दाखविले. आम्हांस त्यात मौज वाटली ती अशी की, इतक्या श्रीमंत देशांसही दोन्ही दारे एकाच वेळी उघडी ठेवावयास इतकी वर्षे लागली.

आपल्याकडे एक दार आधीच उघडे आहे, पण आपण तिकडे पाहत नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले, ते अशाच लोकांसाठी. सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंस पाच टक्के जागा राखीव आहेत, हे आपले लोक हौसेने सांगतात. परंतु त्या जागेसाठी ठरलेली शैक्षणिक पात्रता खेळाडूलाही लागतेच, हे सांगावयाचे विसरतात. खेळाचे प्रमाणपत्र आहे आणि पदवी नाही, तर वरच्या जागेचा अर्जही भरता येत नाही. तेव्हा पदवी सोडून खेळ हा मार्ग आम्ही कोणासही सांगणार नाही. वर्षभर पदवी मागच्या बाकावर बसवावी, वर्गाबाहेर काढू नये.

आता आमच्या बहिणीच्या मौनाकडे येतो. ह्या सभागृहात ते बोलले पाहिजे, कारण ते एकट्या तिचे मौन नव्हे.

आपल्या घरांत मुलीसाठी 'महाविद्यालय' म्हणजे पुष्कळदा स्थळ येईपर्यंतची बसण्याची जागा असते. ह्याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर वधूवरांची सूची छापली जाते. तीत शिक्षणाचा रकाना आहे, उंचीचा आहे, वर्णाचा आहे. 'बी.कॉम., दुसरे वर्ष' असे लिहिले की रकाना शोभतो. 'राज्य हॉकी संघ' लिहावयास जागा नाही. आणि लिहिलेच तर वाचणारा विचारतो, मुलगी उन्हात काळवंडली तर नाही ना? मुलगा असता तर भाच्याने हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येण्याची तसदी घेतली असती काय, असे आम्ही त्याला विचारले. तो खाली पाहू लागला. मनुष्य वाईट नाही. तीन एकर ऊस, त्यावर कर्ज. पुण्यातील खोलीचे भाडे, खाणावळ, बूट, हजारोंच्या घरात जाणारी स्टिक, हे सारे त्याला दिसत होते. पण त्या हिशेबाखाली दुसरा एक हिशेब होता.

दोन दिवसांनी तिघेही पुन्हा आले. आम्ही मुलीला प्रथम बोलावयास सांगितले. भारताकडून खेळण्याची स्वप्ने ती ऐकवील अशी आमची अटकळ होती. ती म्हणाली, "आजोबा, मी भारताकडून खेळेनच असं मी म्हणत नाही. पण मी किती चांगली आहे, हे मला अजून कळलेलं नाही. दहा मिनिटांत कळत नाही."

आमच्या डोळ्यांपुढे टेबलाचा तो खण उभा राहिला.

मग आम्ही भाच्याला विचारले, "यंदा लावण कोणती केलीस?" तो म्हणाला, "आडसाली." आता आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो, हे ह्या सभागृहात कोणास सांगावयास नको. तेवढे महिने पैसा अडकतो, पाणी अधिक लागते, तरी टनेज अधिक पडते म्हणून आपण तो लावतो. आम्ही पुढे काही बोललो नाही, बहीणच हसली आणि म्हणाली, "दादा, तू आधीपासून तिच्याच बाजूचा होतास." तसे नव्हते. पण तिने तोंड उघडले, हेच पुष्कळ झाले.

त्या दुपारी एका वहीच्या पानावर काही गोष्टी लिहिल्या गेल्या. मुदत पुढील वर्षाच्या ३१ मेपर्यंत. मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घालावयाचे आणि परीक्षा द्यावयाची. नापास झाल्यास खेळाची सबब चालणार नाही. दुखापत झाली तर लपवावयाची नाही. वर्षभर घरात स्थळाचा विषय निघणार नाही; हे बहिणीने स्वतः लिहावयास लावले, आणि लिहून झाल्यावर "वर्षभरच" असा शब्द बदलून घेतला. आणि निवड झाली नाही तर मुलगी जूनमध्ये नियमित महाविद्यालयात जाईल, तेव्हा "तरी आम्ही सांगत होतो" हे वाक्य घरातील कोणीही उच्चारणार नाही. हे कलम आमचे. सर्वांत कठीण तेच आहे, असे भाच्याचे मत पडले. मल्लाच्या घरी असे पान नव्हते. वर्ष देण्यात त्यांची चूक झाली नव्हती, वर्षाला शेवट लावण्यात झाली.

ह्या निमित्ताने मंडळास दोन विनंत्या आहेत. आपली शिष्यवृत्ती केवळ टक्केवारीवर दिली जाते. तो निधी लहान आहे, हे आम्ही जाणतो. हिशेब आम्ही तीन वर्षे पाहिला आहे. तरी त्यातून प्रतिवर्षी एखाद्या मुलास वा मुलीस असे मुदतबंद वर्ष पार पाडण्यासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी, आणि ती परत घेण्यात संकोच करू नये. दुसरी विनंती फुकटची आहे: वधूवर सूचीत एक रकाना वाढवावा. छपाईचा खर्च वाढेल असे चिटणीस म्हणतील. तर उंची आणि वर्ण हे दोन्ही एका रकान्यात घालावेत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला येथील थांब्यावर पुण्याच्या गाडीत बसवून दिले. कंडक्टरने त्या लांबट पिशवीकडे पाहून "यात काय?" म्हणून विचारले. बहिणीने परस्पर उत्तर दिले, "हॉकी आहे. जपून ठेवा."

निवडचाचणी अद्याप व्हावयाची आहे. ही स्मरणिका आपल्या हाती पडेपर्यंत तिचा निकाल कदाचित लागलेला असेल. आमच्या भाच्याची भेट झाल्यास त्याला तेवढा एक प्रश्न मात्र आपण विचारू नये. तो आपण होऊन सांगेल.